पान ४९३वरचे साल : एका तळटिपेचा माग

‘जागतिक तापमानवाढीमुळे हिमालयातील हिमनद्या २०३५ सालापर्यंत नाहीशा होतील.’

हे वाक्य मी मराठीत किती ठिकाणी वाचले याची मोजदाद नाही. शाळेतल्या निबंधात, पर्यावरण दिनाच्या भाषणात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत. ऑनलाइन विश्वकोशासाठी आलेल्या एका मसुद्यातही ते भेटले, आणि हे प्रकरण त्या मसुद्याचे आहे.

लेख हिमनद्यांवर होता. लिहिणारी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि लेखामागची मेहनत दिसत होती. या वाक्यापुढे तिने तळटीप दिली होती : आयपीसीसी (हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची आंतरशासकीय समिती), चौथा मूल्यांकन अहवाल, दुसरा कार्यगट, २००७, प्रकरण १० (आशिया), पृष्ठ ४९३. नव्या संपादकाकडून पान क्रमांकासकट संदर्भ क्वचितच येतो. बहुतेक जण ‘आयपीसीसी अहवाल’ एवढेच लिहून मोकळे होतात आणि मग हजारभर पाने तपासणाऱ्याने चाळायची. मी ते पान उघडले. दावा तिथे होता, सालासकट होता. तिने संदर्भ प्रामाणिकपणे दिला होता, आणि तरीही वाक्य चुकीचे होते.

मी तिला तसे कळवले तेव्हा तिने विचारले, “ताई, मग आयपीसीसीवरही विश्वास ठेवायचा नाही का?” प्रश्न रास्त होता. हवामान बदलावर लिहिताना आम्हीच नवीन लोकांना सांगतो की बातमीपेक्षा शोधनिबंध बरा, एकट्या शोधनिबंधापेक्षा आढावा बरा, आणि आढाव्यांमध्ये आयपीसीसी सर्वांत वरचा. शेकडो शास्त्रज्ञ लिहितात, मसुद्यावर हजारो हरकती येतात, सरकारे वाचतात. २००७ साली या संस्थेला शांततेचे नोबेल विभागून मिळाले. अशा अहवालातले वाक्य काढायला सांगायचे तर कारणही तेवढेच ठोस हवे. म्हणून आम्ही दोघींनी त्या वाक्याचा माग काढायचे ठरवले.

पहिली पायरी म्हणजे ते पानच नीट वाचणे. बहुतेक जण ही पायरी गाळतात.

परिच्छेदाच्या सुरुवातीला म्हटले आहे की हिमालयातल्या हिमनद्यांनी सुमारे ३० लाख हेक्टर क्षेत्र व्यापले आहे. थोडे पुढे म्हटले आहे की त्या जगात सर्वांत वेगाने मागे हटत आहेत, आणि हाच वेग राहिला तर २०३५पर्यंत किंवा त्याआधीच त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. लगेच पुढचे वाक्य असे, की ‘तिचे’ एकूण क्षेत्रफळ आजच्या ५,००,००० चौरस किलोमीटरवरून २०३५पर्यंत १,००,००० वर येईल. संदर्भ : डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५.

आता कागद-पेन्सिल घ्या. १०० हेक्टर म्हणजे १ चौरस किलोमीटर. ३० लाख हेक्टर म्हणजे ३०,००० चौरस किलोमीटर. त्याच परिच्छेदात काही ओळींनंतर हाच आकडा पाच लाख कसा झाला? सोळा पटींहून जास्त! आणि २०३५ साली सगळ्या हिमनद्या नाहीशा होणार असतील, तर त्याच साली एक लाख चौरस किलोमीटर उरतील कुठून? तिसरी खूण व्याकरणाची आहे, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. आधीच्या वाक्यात हिमनद्या अनेकवचनी, पुढच्या वाक्यात सर्वनाम एकवचनी. म्हणजे हे दुसरे वाक्य दुसरीकडून उचलले आहे, आणि तिथे त्याचा कर्ता निराळा होता. सर्वनाम आले, कर्ता मागेच राहिला.

हे कळायला हिमनदीशास्त्र यावे लागत नाही. सातवीतले गणित आणि भाषेचा कान पुरतो.

त्याच भागात हिमनद्यांच्या माघारीचा एक तक्ता आहे, १०.९ क्रमांकाचा. त्यात पिंडारी हिमनदी आहे. पुण्या-मुंबईत पिंडारीचा ट्रेक करून आलेले कितीतरी जण भेटतील, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके नाही. तक्ता म्हणतो की १८४५ ते १९६६ या काळात पिंडारी २,८४० मीटर मागे गेली, म्हणजे वर्षाला १३५.२ मीटर. भागाकार करून पाहा. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षे. २,८४० भागिले १२१ बरोबर साधारण २३.५ मीटर. १३५.२ हा आकडा यायला २१ने भागावे लागते. कुणाच्या तरी हातून शंभर वर्षे गळली, आणि पिंडारी कागदावर जवळजवळ सहापट वेगाने पळू लागली. ‘जगात सर्वांत वेगाने’ या विधानापुढे कंसात ‘पाहा तक्ता १०.९’ असे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले की त्या २१चे वजन कळते.

इथवर आम्ही दुसरा कुठलाही कागद उघडला नव्हता. मग उघडले.

डब्ल्यूडब्ल्यूएफचा २००५चा अहवाल हा त्यांच्या नेपाळ शाखेने काढलेला आढावा आहे : नेपाळ, भारत आणि चीनमधल्या हिमनद्या व त्यांच्या माघारीचे परिणाम. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेचे प्रकाशन, शोधपत्रिकेतल्या समीक्षेतून, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीतून, न गेलेले. अशा साहित्याला संदर्भ म्हणून मुळीच घेऊ नये असा नियम आयपीसीसीतही नव्हता आणि विश्वकोशातही नाही. एखाद्या खोऱ्यातल्या पाण्याची आकडेवारी कधी कधी फक्त अशाच अहवालात असते. आयपीसीसीचा नियम एवढाच होता की असा स्रोत वापरायचा तर लेखकांनी त्याची गुणवत्ता स्वत: पारखून घ्यावी. ती पारख इथे झाली नाही.

या अहवालाने २०३५साठी बोट दाखवले होते ‘न्यू सायंटिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकातल्या जून १९९९च्या बातमीकडे. बातमीचा आधार होता दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्याशी झालेले बोलणे. तिथे वाक्य असे होते की मध्य आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्या सध्याच्या वेगाने २०३५पर्यंत नाहीशा होऊ शकतात. दोन शब्दांकडे बघा : ‘मध्य आणि पूर्व’, आणि ‘होऊ शकतात’. पुढच्या प्रवासात पहिला गळून पडला आणि सगळा हिमालय आला. दुसऱ्याच्या जागी ‘फार मोठी शक्यता’ आली. हसनैन हे आंतरराष्ट्रीय हिम व बर्फ आयोगाच्या हिमालयविषयक कार्यगटाचे अध्यक्ष होते. त्या गटाचा १९९९चा अहवाल नंतर अभ्यासकांनी पाहिला, तर त्यात २०३५ हे सालच नव्हते.

आयपीसीसीतले शब्द मात्र न्यू सायंटिस्टशी तितके जुळत नाहीत. ते जवळजवळ शब्दश: जुळतात दिल्लीहून निघणाऱ्या ‘डाउन टू अर्थ’ या पाक्षिकातल्या एप्रिल १९९९च्या लेखाशी. तिथे सलग तीन विधाने आहेत. आयोगाच्या नावावर २०३५चे. मग हसनैन यांचे, की पृथ्वी याच वेगाने तापत राहिली तर हे आधीही होईल. आणि तिसरे रशियन हिमनदीतज्ज्ञ व्लादिमीर कोत्ल्याकोव्ह यांच्या नावावर : क्षेत्रफळ पाच लाखांवरून २०३५ साली एक लाख चौरस किलोमीटर होईल. आयपीसीसीच्या परिच्छेदात ही तिन्ही एकमेकांना चिकटली आणि बोलणाऱ्यांची नावे गेली. एकवचनी सर्वनाम आले ते इथून.

कोत्ल्याकोव्ह यांचा मूळ अहवाल युनेस्कोने १९९६ साली प्रसिद्ध केला. तिथे पोहोचल्यावर माझी विद्यार्थिनी गप्प झाली. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा अशीच गप्प झाले होते. पाच लाख चौरस किलोमीटर हा आकडा हिमालयाचा नाहीच, तो ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या पृथ्वीवरच्या हिमनद्यांचा आहे. ते क्षेत्र एक लाखावर येईल असे त्यांनी लिहिले आहे, पण साल आहे २३५०. दोन, तीन, पाच, शून्य. अंक तेच, जागा बदललेल्या. आणि त्याच उताऱ्यात, एवढी घट झाल्यावरही हिमनद्या कुठे कुठे टिकतील त्याची यादी आहे. त्या यादीत काराकोरम आहे आणि हिमालयही आहे.

हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होणार या विधानाला जोडले गेलेले वाक्य ज्या उताऱ्यातून आले, तो उतारा हिमालयातल्या हिमनद्या टिकतील असे सांगत होता.

तळटिपा तपासायला बसते तेव्हा हा उतारा मी नेहमी मनाशी ठेवते. वाक्य एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना त्याचे प्रदेश, साल आणि खात्री, तिन्ही बदलत गेली. प्रत्येक टप्प्यावर पुढच्याने मागच्यावर विश्वास ठेवला. कुणी खोटे बोलायला बसले होते असे मला दिसत नाही. आणि शेवटच्या टप्प्यावर एक वेगळीच गोष्ट घडली. आयपीसीसीच्या भाषेत शक्यतेच्या शब्दांना मोजलेला अर्थ असतो. ‘फार शक्य’ म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक. पाक्षिकात ‘फार मोठी शक्यता’ हा नेहमीच्या बोलण्यातला शब्दप्रयोग होता. तो या अहवालात शिरताच वाचकाच्या दृष्टीने त्याला नव्वद टक्क्यांचे वजन आले, आणि असे काहीही कुणी मोजले नव्हते.

इतक्या डोळ्यांखालून हे निसटले कसे? पूर्णपणे निसटले नव्हते. मसुद्यावर आलेल्या हरकती जाहीर आहेत. जपान सरकारने विचारले होते की एवढ्या महत्त्वाच्या विधानाची खात्री किती आहे. काराकोरममधल्या काही मोठ्या हिमनद्या उलट वाढत असल्याचे संशोधन एका समीक्षकाने दाखवून दिले होते. तरी वाक्य तसेच राहिले. हिमनद्यांचे भौतिकशास्त्र हा ज्या पहिल्या कार्यगटाचा विषय, त्याच्या हिम-बर्फाच्या प्रकरणात २०३५ कुठेही नाही. धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशातही नाही. म्हणून त्या मुलीला मी म्हटले, “आयपीसीसी म्हणजे एक स्रोत नाही गं, हजारो वाक्यांचा गठ्ठा आहे. हिमनदी वितळण्याबद्दल लिहायचे तर आधी पहिल्या गटाचे प्रकरण उघड. आशिया खंडाच्या प्रकरणात हिमनदी पाहुणी म्हणून आलेली असते.”

आता मुद्दा येतो विश्वकोशाचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. वर सांगितलेला सगळा माग एखाद्या विकिपीडिया संपादकाने २००८ सालीच काढला असता, तर त्याने लेखात ‘आयपीसीसीने २३५०चे २०३५ केले’ असे लिहायचे होते का? नाही. स्वत:चे संशोधन लेखात घालता येत नाही, तो नियम पक्का आहे आणि मला तो पटतो. उद्या कुणीही आपापला हिशेब मांडून शास्त्रज्ञांना खोडायला लागेल. पण या नियमाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. संशयास्पद वाक्य लेखात घ्यायलाच हवे असे कुठेही म्हटलेले नाही. स्वत:चा शोध लिहिता येत नसला, तरी वाक्य बाहेर ठेवता येते, चर्चा पानावर आकडेमोड मांडता येते आणि त्याच विषयावरचा अधिक जबाबदार स्रोत वापरता येतो. काय लिहायचे यावर नियमांचे बंधन आहे. काय वगळायचे हे संपादकाच्या विवेकावर आहे.

प्रसिद्ध झालेला आधार मिळाला तो जानेवारी २०१०मध्ये. कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कॉगली, ऑस्ट्रियाचे गेओर्ग काझर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे पत्र ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आले. त्यांनी ही साखळी उलगडून दाखवली आणि म्हटले की २०३५ खरे व्हायचे तर १९९९नंतर बर्फ घटण्याचा वेग १९६० ते १९९९ या काळाच्या पंचवीसपट व्हावा लागेल. २० जानेवारीला आयपीसीसीने निवेदन काढून मान्य केले की त्या परिच्छेदातले अंदाज नीट पुराव्यावर आधारलेले नव्हते आणि आपलेच पुराव्याचे निकष तिथे पाळले गेले नाहीत. त्यानंतर विश्वकोशात ही चूक ‘चूक’ म्हणून लिहिता आली.

त्याच्या दोन महिने आधी आपल्याकडे एक घटना घडली होती, आणि स्रोत पारखायला ती तितकीच उपयोगी आहे. नोव्हेंबर २००९मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. मंत्री होते जयराम रमेश. हिमनद्यांची माघार असाधारण नाही, आणि ती तापमानवाढीमुळेच होते असे म्हणणे घाईचे ठरेल, असा त्याचा सूर होता. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘वूडू सायन्स’ (जादूटोण्याच्या पातळीचे विज्ञान) अशी केली. दोन महिन्यांत २०३५ कोसळले आणि अनेकांना वाटले की रैना बरोबर ठरले. पण हा चर्चानिबंधही समीक्षित शोधपत्रिकेतला नव्हता. तो २०३५च्या विरोधात होता आणि २०३५ चूक निघाले, एवढ्याने त्यातली बाकीची विधाने सिद्ध होत नाहीत. शिवाय त्याचा भर होता हिमनदीचे मुख किती मागे सरले यावर. गंगोत्रीसारख्या तीस किलोमीटर लांब हिमनदीचे गोमुख वर्षाला वीसेक मीटर सरकते तेव्हा वरचा बर्फ किती पातळ झाला ते त्यावरून कळत नाही. लांबी जवळपास तेवढीच राहून जाडी उतरत जाऊ शकते.

आणि जाडी उतरते आहे. २०१९मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासात १९७०च्या दशकातली अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे नंतरच्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली होती. हिमालयाच्या २,००० किलोमीटर पट्ट्यातल्या सुमारे ६५० हिमनद्या. १९७५ ते २०००च्या तुलनेत २००० ते २०१६ या काळात बर्फ घटण्याचा वेग साधारण दुप्पट निघाला. त्याच वर्षी काठमांडूच्या आयसीमोड या आंतरशासकीय संस्थेच्या मूल्यांकनात आले की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालय प्रदेशातला एक तृतीयांश बर्फ २१००पर्यंत जाईल, आणि उत्सर्जन असेच चालले तर दोन तृतीयांश.

म्हणूनच २०३५चे वाक्य काढून ती जागा मोकळी सोडणे मला मान्य नव्हते. ‘हिमनद्या नाहीशा होण्याचा दावा खोटा ठरला’ एवढेच लिहून थांबणारे लेख मी पाहिले आहेत. वाचणाऱ्याला वाटते की बर्फ सुरक्षित आहे. हजार पानांतला एक परिच्छेद चुकला आणि त्याची बातमी त्या हजार पानांहून मोठी झाली. ज्या लेखाचा विषय हिमनदी आहे, त्यात या चुकीला दोन ओळी पुरेत. ज्याचा विषय आयपीसीसी आहे, त्यात एक परिच्छेद. आणि जिथे स्रोत कसे वापरावेत हे शिकवायचे आहे, तिथे मात्र आख्खे प्रकरण.

नवीन वाक्य लिहायला आम्हाला संध्याकाळ लागली. आधी तिने लिहिले, ‘हिमालयातील एक तृतीयांश हिमनद्या २१००पर्यंत वितळतील.’ मी तीन ठिकाणी खुणा केल्या. मूल्यांकन हिंदुकुश-हिमालयाचे आहे, म्हणजे अफगाणिस्तानपासून म्यानमारपर्यंतच्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या पट्ट्याचे, त्याला नुसते हिमालय म्हणता येत नाही. एक तृतीयांश हे बर्फाचे प्रमाण आहे, हिमनद्यांची संख्या नव्हे. आणि १.५ अंशांची अट गाळली तर या वाक्याचेही पुन्हा तेच होईल जे न्यू सायंटिस्टच्या वाक्याचे झाले. तिने अट घातली, प्रदेश दुरुस्त केला, ‘अंदाज आहे’ जोडले, स्रोताचे वर्ष वाक्यातच दिले. वाक्य लांब झाले. लांब असू दे.

मसुद्यात खाली आणखी एक वाक्य होते : हिमनद्या संपल्या की गंगा कोरडी पडेल. त्याला तळटीपच नव्हती. गंगेच्या पाण्यात पावसाळ्याचा वाटा फार मोठा आहे. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे महत्त्व सिंधू खोऱ्यात सर्वाधिक, ब्रह्मपुत्रेत बरेच आणि गंगेत त्या मानाने कमी, असा निष्कर्ष वाल्टर इमरझील आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या ‘सायन्स’मधल्या निबंधात आहे. मी हे तिला सांगितले नाही. वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ एवढी खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वत:च तो निबंध शोधून घेऊन आली होती, आणि सोबत एक प्रश्न होता : यात गंगेचे खोरे नेमके कुठून कुठपर्यंत धरले आहे?